झोपेतली लाथ

सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या वर्गाला, मी गेले ती तास भरायला. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत निदान ३० तास पुढचं शिक्षण घ्यावं असं २००२ सालच्या आचारसंहितेत लिहिलंय, आणि माझे सात तास कमी पडत होते. डिसेंबरात दोनच कार्यक्रम दिसत होते. एक मधुमेहावरचा, ज्यात बॅग आणि पेन सोडून नवीन काही मिळत नाही. दुसरा झोप आणि स्वप्नांच्या विज्ञानावरचा, शनिवार-रविवार, इथं इंदुरातच विजयनगरच्या एका हॉटेलात. नवरा म्हणाला, “स्वप्नं शिकायला दोन दिवस हॉटेलात? घरी झोपायला काय झालंय?”

लोकमान्यनगरात दवाखाना टाकला त्याला आता तीसेक वर्षं होतील. येणारे निम्मे लोक मराठी, उरलेले पक्के इंदुरी, बोलायला दोघेही सारखेच भरभरून. त्यामुळे स्वप्नं घेऊन येणाऱ्यांची मला सवय आहे. साप दिसला, दात पडले, गेलेल्या सासूबाईंनी पाणी मागितलं. “आणि डॉक्टर, पहाटेचं होतं हो!” यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, मनी वसे ते स्वप्नी दिसे, रात्री हलकं जेवत जा. हा सल्ला मी अशा गावात देत होते, जिथं सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे सराफ्यात गराडूचे कंद तळायला घेतात आणि लोक पोराबाळांसकट तिथं पोचतात. कुणी ऐकलं नाही ते ठीकच. पण तीस वर्षांत मीही कुणाला उलट विचारलं नाही, की नक्की काय दिसलं, कधीपासून दिसतंय, आणि उठल्यावर काय होतं.

शिकवायला पुण्याहून एक मेंदूविकारतज्ज्ञ आले होते. सुरुवात त्यांनी एका बापाच्या गोष्टीनं केली. यूजीन ॲसेरिन्स्की हा शिकागो विद्यापीठात संशोधन करणारा, हाताशी साधी पदवीही नसलेला माणूस. घरात पैशांची चणचण, आणि गुरू नेथॅनिएल क्लाइटमन कडक. तळघरात धूळ खात पडलेलं, मेंदूच्या लहरी नोंदवणारं एक जुनं यंत्र त्यानं खटपट करून चालू केलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, त्याला जोडलं. डोक्याला आणि डोळ्यांच्या कडांना तारा चिकटवल्या आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन बसला. एका रात्रीला अर्धा मैल कागद लागायचा. पोरगं गाढ झोपलेलं, आणि कागदावरच्या लेखण्या मात्र जागा माणूस इकडंतिकडं बघतो तशा पळायला लागल्या. बापाला वाटलं, उठला. जाऊन बघतो तर झोपलेला, आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं धावतायत. बरेच दिवस त्याला यंत्रच बिघडल्याची शंका होती. शेवटी १९५३ मध्ये दोघा गुरुशिष्यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, आणि झोप म्हणजे दिवा मालवणं ही समजूत त्या दोन पानांनी मोडली.

सगळे लिहून घेत होते. मी मात्र त्या आर्मंडच्या केसांत अडकले. सकाळी शाळेत जायच्या आधी तो चिकट लेप कुणी काढून दिला असेल?

पुढचं मला ढोबळ ठाऊक होतं, पण परीक्षेपुरतं. नीट झोपणारा मोठा माणूस रात्रीत चार-पाच फेऱ्या करतो, एकेक साधारण दीड तासाची. फेरीच्या शेवटी ही डोळे पळणारी झोप येते. तिला आता सगळे रेम म्हणतात. सगळी मिळून झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा. पहिल्या फेरीत ती जेमतेम पाच-दहा मिनिटं असते, पहाटेकडे अर्धा-पाऊण तास चालते. रेममध्ये माणसाला उठवलं तर बहुतेक वेळा तो स्वप्न सांगतो, सविस्तर. म्हणजे पहाटेची स्वप्नं खरी होवोत न होवोत, पहाटे ती जास्त पडतात, आणि त्यातून थेट जाग येते म्हणून लक्षातही तीच राहतात. आमच्या आजीचं निरीक्षण पक्कं होतं, निदान तेवढं चुकलं.

घरी करायला अभ्यास दिला होता. उशाशी वही ठेवायची, जाग आल्यावर कूस न बदलता आठवायचं आणि मगच लिहायचं. रविवारी पहाटे मला पडलं ते असं: लग्नाचं कार्यालय आहे, मी वधूची मावशी आहे, मंगलाष्टकं चालू आहेत, आणि भटजी एकदम माइकवर स्वच्छतेचं गाणं म्हणायला लागतात. डोळे उघडले तेव्हा कचरागाडी आमच्या दारात उभी होती. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून ती गाणी आमच्या झोपेत राहायला आली आहेत. हे वर्गात सांगितल्यावर हशा पिकला, पण सरांनी तिथंच १९५८ मधला एक प्रयोग सांगितला. डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी रेममध्ये झोपलेल्यांवर पाण्याचे थेंब उडवले, उजेड पाडला, नुसता एक सूर वाजवला. स्वप्नात सगळ्यात जास्त शिरलं ते पाणी, सगळ्यात कमी तो सूर. त्या बिचाऱ्यांकडे आमची कचरागाडी नव्हती.

माझ्या शेजारी जुन्या इंदुरातले एक वैद्य बसले होते. सत्तरी ओलांडलेले, धोतर, वर स्वेटर, आणि मोबाइलवर भराभर टिपणं घेणारे. चहाच्या वेळी ते म्हणाले, “आमच्याकडे चरकात स्वप्नं सात प्रकारची. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं आणि कल्पनेतलं. ही पाच निष्फळ. सहावं भाविक, म्हणजे पुढचं सांगणारं. आणि सातवं दोषज.” मी म्हटलं, “म्हणजे सातातली पाच त्यांनी आधीच टाकून दिली?” वैद्यांनी बशीत चहा ओतला. “टाकून नाही हो, वेगळी काढून ठेवली. वैद्यानं कशावर वेळ घालवायचा ते सांगितलं. तो दोषज शब्द बघा. शरीर बिघडलं म्हणून पडणारं स्वप्न. आणि हा सगळा विषय इंद्रियस्थानात आहे. रोगी वाचेल की नाही हे ओळखायच्या खुणा जिथं सांगितल्यात, तिथं.” भाविकवर माझा विश्वास नाही, त्यांचा थोडा असावा. दोषज मात्र मी हाताच्या तळव्यावर लिहिलं, कारण वही टेबलावर राहिली होती.

दुपारी स्वप्नं का पडतात यावरचं भांडण झालं. हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी १९७७ मध्ये मांडलं की मेंदूच्या देठाकडून अंदाधुंद इशारे येतात आणि वरचा मेंदू ते जमेल तसे गोष्टीत ओवतो. मार्क सोल्म्स यांनी पुढं दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातली एक जागा दुखावली की रेम राहते आणि स्वप्नं मात्र बंद होतात. तेव्हा रेम म्हणजेच स्वप्न हे समीकरण काही टिकलं नाही. वाद अजून चालू आहे. दवाखान्यात मला त्याचा उपयोग नसल्यामुळे मी मागच्या खुर्चीवर थोडी डुलकी काढली. झोपेच्या वर्गात झोपलं तर कुणी रागवत नाही.

जाग आली ती स्वप्नं बिघडवणाऱ्या औषधांच्या यादीवर, आणि चांगलीच आली. प्रोप्रानोलॉल. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या. पार्किन्सनवरची लेव्होडोपा. दम्या-सर्दीला आम्ही सरसकट देतो ती माँटेल्युकास्ट, जिच्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये मानसिक दुष्परिणामांचा चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि त्यात वाईट स्वप्नंही आहेत. शिवाय दारू. ती रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबते, आणि रोजच्या पिणाऱ्यानं एकदम सोडली की दाबलेली रेम उसळून वर येते, सोबत स्वप्नांचा लोंढा. घरचे म्हणतात, बघा, सोडल्यापासून याला भुतं दिसायला लागली.

प्रोप्रानोलॉलपाशी माझा पेन थांबला. बँकेत काम करणारी एक मुलगी गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याकडे येत होती. अर्धशिशी, म्हणून मीच ती गोळी सुरू केली होती. महिन्याभरानं म्हणाली, “डोकं बरं आहे डॉक्टर, पण रोज रात्री घर पडतं. मी ओट्यापाशी पोळ्या लाटतेय आणि छत खाली येतंय.” नवीन लग्न, सासरी तिघं आजारी. मी माझ्या मनानं त्या छताचा अर्थ लावला आणि तिला झोपताना रामरक्षा म्हणायला सांगितली. मी लिहून दिलेल्या गोळीवर मीच सांगितलेली रामरक्षा. सोमवारी तिला फोन करून बोलावलं. ती गोळी हळूहळू कमी करून दुसरी दिली. पंधरा दिवसांनी घर पडायचं थांबलं. सासर मात्र तसंच आहे, आणि त्याबद्दल आम्ही आता वेगळं बोलतो.

दुःस्वप्नांवर उपचार असतो, आणि तोही गोळीशिवायचा, हे मला या वयात कळलं. स्वप्न जागेपणी सांगायचं, मग त्याचा शेवट, मधला भाग, काय वाटेल ते स्वतःच्या मनानं बदलायचं, आणि बदललेलं स्वप्न रोज दिवसा दहा-वीस मिनिटं डोळे मिटून बघायचं. बॅरी क्राकोव यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर अभ्यास करून २००१ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तीन बैठकांत दुःस्वप्नं बरीच कमी झाली, झोप सुधारली. ऐकताना मला हे फारच बाळबोध वाटलं होतं. मग फेब्रुवारीत एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला, मराठा गडी, धिप्पाड. खंडवा रोडच्या भेरूघाटात पूर्वी त्याच्या गाडीला अपघात झालेला, तेव्हा तो ट्रक चालवायचा. कुणी दगावलं नव्हतं, पण आठवड्यातून तीनदा तोच उतार आणि ब्रेक लागत नाहीत. मी म्हटलं, “दादा, यात काहीही बदला.” तो बराच वेळ टेबलावरच्या बीपीच्या यंत्राकडे बघत बसला. “ब्रेक लागले असं धरू? नाही बाई, लागणार नाहीत, मला माहीत आहे ना.” पुढच्या खेपेला आला तो जरा लाजत. “मी घाटच उलटवून टाकला. गाडी खाली जाऊनच नाही राहिली. चढून राहिली. चढावर कुठं ब्रेक लागतात?” मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. त्याचं स्वप्न गेलं नाही, पण आता पंधरवड्यातून एखादं पडतं, आणि म्हणाला, निम्म्या वेळा मधेच लक्षात येतं की हा माझा घाट आहे.

रविवारी दुपारी दालबाफल्यांचं जेवण झाल्यावर शेवटचं व्याख्यान होतं. खरं तर मी लवकर निघणार होते, सह्या झाल्या होत्या. सरांनी दिवे मालवून एक व्हिडिओ लावला. रात्रीच्या कॅमेऱ्यातलं हिरवट चित्र, साठीचा एक माणूस पलंगावर. अचानक तो ठोसे मारायला लागतो, लाथ झाडतो, काहीतरी ओरडतो, आणि परत शांत. हॉलमध्ये थोडं हसू उमटलं. मीही हसले. मग हसता हसता मला रामबागेतल्या मामाच्या घरातला पितळी कड्यांचा पलंग दिसला.

रेममध्ये मेंदू जागेपणाइतकाच धावत असतो, पण देठातला एक भाग स्नायूंना जाणारे हुकूम मज्जारज्जूतच अडवतो, म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि अंथरुणात पडून राहतो. फ्रान्समध्ये मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो भाग निकामी केला, तर झोपलेली मांजरं उठून नसलेल्या शत्रूवर झेप घ्यायला लागली. माणसांत हाच बिघाड शेंक आणि माहोवाल्ड यांनी मिनेसोटात १९८६ मध्ये वर्णन केला. त्याचं नाव रेम निद्रा वर्तन विकार. आणि मग ती स्लाइड आली. २०१९ मधला अभ्यास, २४ केंद्रं, हा विकार असलेले १,२८० लोक. १२ वर्षांच्या हिशेबात त्यांतल्या ७३ टक्क्यांहून अधिक लोकांना पार्किन्सन किंवा त्याच घराण्यातला मेंदूचा आजार. सोबत अनेकदा आधीच दिसणाऱ्या गोष्टी: वास न येणं, बद्धकोष्ठता.

मामा कापडमिलमध्ये टाइमकीपर होता. मिल बंद पडल्यावर घरीच असायचा, थकबाकीच्या अर्जांत गुंतलेला. २००४ च्या भाऊबीजेला आईबरोबर मी गेले, तर मामीचा डावा हात प्लास्टरमध्ये. मामानं रात्री झोपेत लाथ मारली, ती पलंगावरून पडली, टेबलाची कड लागली. असं आधीही तीन-चारदा झालं होतं. सगळं घर हसत होतं. मामा सुद्धा, थोडा ओशाळून. “अजून मिलमध्ये युनियनशी भांडतो हा,” आई म्हणाली. आणि मी, घरातली एकुलती एक डॉक्टर, म्हणाले, “मामी, आता हेल्मेट घालून झोपत जा.” त्याच दिवशी गॅसवर दूध करपून काळं झालं होतं आणि शेजारीच पेपर वाचत बसलेल्या मामाला वास आला नव्हता. त्यावरही हसलो. बद्धकोष्ठतेसाठी मी इसबगोल लिहून दिलं. तिन्ही गोष्टी एका दुपारी, एका घरात, माझ्यासमोर, आणि मी चकल्या खात होते. २०१३ मध्ये बँकेनं त्याचा चेक परत पाठवला. सही जुळत नाही, अक्षर फार बारीक झालंय. तेव्हा पार्किन्सन कळला. २०२० मध्ये तो गेला.

२००४ मध्ये ओळखलं असतं तर तो आजार थांबला असता का? नाही. तसं औषध आजही नाही, हे सरांनी दोनदा सांगितलं. वर हेही सांगितलं की झोपेत श्वास अडकणारे लोकही असेच हातपाय झाडतात, म्हणून एक रात्र झोपेची नीट तपासणी केल्याशिवाय कुणाच्या कपाळी हे मारू नका. पण गादी खाली घेता आली असती. टेबल सरकवता आलं असतं. क्लोनाझेपाम आहे, मेलाटोनिन आहे. मामीचं मनगट वाकडं राहिलं नसतं.

प्रमाणपत्र घेतलं. त्यावर माझ्या आडनावाची वेलांटी चुकीची होती.

आता मी विचारते. ताप असो, गुडघा असो, शेवटी विचारते, रात्री झोपेत काय दिसतं, आणि साठीच्या पुढचा पुरुष असेल तर बायकोला बाजूला घेऊन विचारते, झोपेत हातपाय झाडतात का? एका आजींनी वीस मिनिटं सांगितलं आणि बाहेर बाकावर नऊ माणसं खोळंबली. कंपाउंडरनं दारातून डोकं घालून घड्याळाकडे बघितलं. दोघांना झोपतज्ज्ञाकडे पाठवलंय. एकाचं घोरणं निघालं, दुसऱ्याचा रिपोर्ट यायचाय.

मामीकडे जायला मला दीड महिना लागला. रविवारी सकाळीच गेले, पोहे बांधून घेऊन, वर शेव वेगळी. ती ओट्यापाशी गराडू सोलत होती. डावा पंजा पूर्ण वळत नाही, म्हणून कंद ती मनगटानं दाबून धरते आणि सुरी उजव्या हातानं फिरवते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग ते सगळं सांगितलं, स्लाइडसकट, हेल्मेटसकट.

“मला वाटलंच होतं काहीतरी असणार,” मामी म्हणाली. सुरी थांबली नाही.

“युनियनवाले असायचे का गं स्वप्नात?”

“कसले युनियनवाले! कुत्री असायची. मिलच्या फाटकाशी रात्रपाळीला कुत्री जमायची ना, तसली. ह्यांना दिसायचं की ती माझ्या अंगावर येतायत. मला बाजूला ढकलायला जायचे. सरक, सरक, असं ओरडायचे. तेच सरक मला लागायचं.”

“तुला कसं कळलं?”

“सकाळी विचारायचे मी. उठल्यावर लगेच विचारलं की सगळं सांगायचे.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “रडले होते, हात मोडला त्या दिवशी. तुम्ही सगळे आलात तेव्हा हसत होते.”

मी पोह्यांचा कागद सोडला, परत गुंडाळला. झोपेत त्याला कुत्र्यांपासून तिला वाचवायचं असायचं हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तिनं ते वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

“मग तू वेगळी का नाही झोपलीस? दिवाणावर?”

“झोपले एक आठवडा. हे रात्रभर उठून बघायचे, आहे का मी. त्यापेक्षा लाथ बरी.”

खाली गल्लीत गाणं वाजायला लागलं. मामीनं सालं ओल्या कचऱ्याच्या डब्यात लोटली, दाराजवळचा सुका डबा मला उचलायला सांगितला, आणि म्हणाली, “चल लवकर, तो थांबत नाही.”